टोकियोच्या मुक्कामाचा तक्ता

जपानला पर्यटक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयाला व्हिसासाठी जी दरखास्त करावी लागते, तिच्यासोबत बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि विमानाचे आरक्षण या सर्वपरिचित कागदांखेरीज आणखी एक कागद रुजू करावा लागतो, आणि तो म्हणजे मुक्कामाचा दिवसवार तक्ता : अमुक तारखेस अमुक ठिकाणी जाणार, रात्री अमुक ठिकाणी निजणार, तेथील दूरध्वनी क्रमांक अमुक. ज्या नगरात अद्याप पाऊलही पडलेले नाही त्यातील आपल्या प्रत्येक दिवसाची जंत्री आगाऊ लिहून द्यावयाची, ही अपेक्षा प्रथमदर्शनी जाचक वाटते खरी. परंतु त्या कोऱ्या तक्त्यासमोर बसण्याची सक्ती झाल्यामुळेच पुष्कळांना हा प्रश्न प्रथम पडतो की, दिवाळीच्या सुटीस जोडून चार-पाच दिवसांसाठी सुमारे एक कोटी चाळीस लाख वस्तीच्या शहरात जाणारा मनुष्य तेथे नेमके काय करणार आहे.

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. शिबुयाचा तो गर्दीचा चौक, ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा, एक दिवस फुजी पर्वताचे दर्शन, एक दिवस बुलेट ट्रेनने क्योतो आणि उरलेल्या वेळात खरेदी. क्योतो टोकियोहून सव्वादोन तासांवर आहे हे खरे. परंतु जाऊन-येऊन साडेचार तास, स्थानकातील चढउतार आणि त्या नगरीतील देवळांच्या दाराशी लागलेल्या रांगा यांचा हिशेब मांडला, तर क्योतोही पदरात पडत नाही आणि टोकियोचाही एक दिवस हातचा जातो. शिवाय ज्या रेल्वे पासाच्या भरवशावर हा बेत पूर्वी स्वस्तात उरकत असे, त्या सात दिवसांच्या पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेली. केवळ टोकियोत राहणाऱ्याने तो घेऊ नये, आणि पहिल्या लहान भेटीत केवळ टोकियोतच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग टोकियोत काय पाहावे? येथे मी प्रचलित याद्या बाजूस ठेवून एक निराळी कसोटी सुचवू इच्छितो. हे शहर उंच भूमी आणि सखल भूमी अशा दोन भागांचे बनलेले आहे; पश्चिमेकडील टेकड्यांचा भाग तो यामानोते आणि पूर्वेकडील नदीकाठचा, खाडीकाठचा भाग तो शितामाची. हा भेद आजच्या गगनचुंबी इमारतींखाली झाकला गेला असला तरी पुसला गेलेला नाही, आणि ज्याने आपला प्रत्येक दिवस या दोहोंपैकी एका भूमीला वाहिला त्याला हे अफाट शहर जेवढे उलगडते तेवढे स्थळे मोजीत धावणाऱ्याला उलगडत नाही.

या भेदाचे मूळ राज्यकारभारात आहे. इ. स. १४५७ मध्ये ओता दोकान नावाच्या सरदाराने येथे एक गढी बांधली, तेव्हा समुद्राचे पाणी जवळजवळ तिच्या पायथ्याला लागत असे. १५९० मध्ये तोकुगावा इएयासु येथे आला आणि १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शास्ता, झाल्यावर त्याने कांदा येथील डोंगर खणून त्याच्या मातीने हिबियाची खाडी बुजविली. आज जेथे मोठमोठ्या पेढ्यांच्या कचेऱ्यांची रांग उभी आहे ती भूमी त्या भरावाची. पुढे १६३५ मध्ये तिसऱ्या शोगुनाने असा दंडक घातला की, मुलूखभरातील सर्व संस्थानिकांनी आळीपाळीने एक वर्ष आपल्या जहागिरीत आणि एक वर्ष राजधानी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हजेरी द्यावी, आणि त्यांची बायकामुले मात्र कायमची एदोतच राहावीत. म्हणजे नाव इतमामाचे आणि वस्तुस्थिती ओलीस ठेवण्याची. अडीचशेहून अधिक संस्थानिकांना वाडे बांधणे भाग पडले, टेकड्यांवरची हवेशीर जागा त्यांनी घेतली, आणि ज्या कारागिरांवाचून, व्यापाऱ्यांवाचून व हमालांवाचून या वाड्यांचे पान हलले नसते ती रयत खाली दलदलीच्या काठी दाटीवाटीने राहू लागली. अठराव्या शतकात या नगरीची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली, आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक शहराच्या सुमारे एक-षष्ठांश भूमीवर नांदत होते.

लाकडी घरे आणि अशी दाटी यांचे फळ काय असावयाचे ते झाले. १६५७ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि लाखभर माणसे दगावली असे मानतात. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना, घरोघरी चुली पेटलेल्या वेळी, भूकंप झाला आणि मृत व बेपत्ता मिळून एक लाखाहून अधिक लोक गेले. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी याच सखल भागावर आगीचे बॉम्ब टाकले, आणि एका रात्रीत पुन्हा सुमारे एक लाख. म्हणून टोकियोत जुन्या वास्तू शोधीत हिंडणारा प्रवासी निराश होतो. येथे इमारती टिकलेल्या नाहीत. टिकले आहेत ते भूखंड, चढ, खंदक आणि नदी. एका संस्थानिकाचा वाडा आज विद्यापीठ झाला आहे व त्याचा १८२७ सालचा तांबडा दरवाजा अद्याप उभा आहे, दुसऱ्याचा वाडा शिंजुकूचे राष्ट्रीय उद्यान झाला आहे, आणि चुओ मार्गावरील गाडीत बसून योत्सुयाहून ईदाबाशीकडे जाताना खिडकीतून जे संथ हिरवे पाणी दिसते तो एदोच्या किल्ल्याचा बाहेरचा खंदक आहे.

भूमीचा हा उतार किती खरा आहे याची प्रचीती भुयारी रेल्वे देते. आसाकुसा ते उएनो हा आशियातील पहिला भुयारी मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला. तोच गिंझा मार्ग आज पश्चिमेस शिबुयापर्यंत जातो, आणि गंमत अशी की, सारी वाट जमिनीखालून आलेली ही गाडी शिबुयाला पोचते ती तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. गाडी वर चढलेली नसते. शिबुया ही दरी आहे. गाडी आपल्या पातळीवरून सरळ बाहेर पडते, जमीनच खाली गेलेली असते.

पत्त्यांविषयी आधीच बोलून ठेवावे, कारण भल्याभल्यांचा धीर तेथे सुटतो. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता असतो तो मोहल्ल्याचा, त्यातील विभागाचा, त्यातील चौकोनाचा आणि शेवटी घराच्या क्रमांकाचा. नारायण पेठ किंवा शनिवार पेठ आणि पुढे नुसता घरक्रमांक, एवढ्यावर पोस्टमनने घर शोधावे अशी अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या बाळगलेल्या पुणेकराला ही पद्धत परकी वाटू नये. फरक एवढाच की, तेथे चौकाचौकात पोलिसांची लहानशी चौकी असते, तिला कोबान म्हणतात, आणि त्या चौकीच्या नित्य कामांपैकी एक मोठे काम म्हणजे वाट चुकलेल्याला भिंतीवरच्या नकाशावर घर दाखविणे. आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा असल्यामुळे या कामाचा बोजा कमी झाला असेल. पण शिंजुकू स्थानकात, जेथे बाहेर पडण्याचे मार्गच दोनशेहून अधिक आहेत आणि दररोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात, तेथे खिशातला नकाशाही काही काळ हात टेकतो. अशा स्थानकात भेटीची जागा ठरविताना स्थानकाचे नाव सांगून भागत नाही. दाराचे नाव सांगावे.

राहावयाचे कोठे, याचा निकाल यामानोते याच नावाच्या रेल्वेमार्गावरून लावावा. साडेचौतीस किलोमीटरांचे हे वर्तुळ, तीस स्थानकांचे, तासाभरात एक फेरी पुरी करते, आणि उंच व सखल अशा दोन्ही भूमी त्याच्या कक्षेत येतात. उएनो किंवा निप्पोरी या बाजूस खोली घेतली, तर नारिताच्या विमानतळाहून येणारी जलद गाडी चाळीस मिनिटांच्या आसपास तेथेच आणून सोडते, खोल्यांचे दरही पश्चिमेच्या मानाने सौम्य असतात, आणि सकाळी नदीकाठी लवकर पोचता येते. खोली मात्र लहान असणार. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्यावर चालावयास जागा उरत नाही, हे गृहीत धरूनच सामान बांधावे. परदेशी प्रवाशांसाठी भुयारी रेल्वेची २४, ४८ व ७२ तासांची तिकिटे मिळतात. त्यांची मुदत तारखेवर नसून पहिल्या वापरापासूनच्या तासांवर मोजली जाते, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी काढलेले तिकीट शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत चालते. यामानोते मार्ग निराळ्या कंपनीचा असल्याने तेथे हे तिकीट चालत नाही. त्याकरिता पैसे भरून ठेवण्याचे सुईकासारखे कार्ड जवळ असावे.

आता दिवसांची वाटणी. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्या मराठी कुटुंबाने एक गोष्ट विसरू नये की, नोव्हेंबरात टोकियोचा सूर्य पावणेपाचच्या सुमारासच मावळतो, आणि महिनाअखेर तर साडेचारला. मुंबईच्या सवयीने सकाळी दहाला न्याहारी आटोपून निघणाऱ्याच्या हाती उजेडाचे जेमतेम सहा तास लागतात. आणि बागांची व देवळांची दारे पाचपर्यंत मिटतात. सकाळ भूमीला द्यावी व संध्याकाळ दिव्यांना. दुसरे बंधन सोमवारचे : उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, आणि किल्ल्याची पूर्व बाग सोमवारी व शुक्रवारीही बंद. एवढ्या दोन गोष्टींवरूनच तक्त्यातील निम्म्या रकान्यांचा निकाल लागतो.

पहिला पूर्ण दिवस मी नदीला देईन. आसाकुसाचे सेन्सोजी हे कान्नोनचे, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचे देऊळ, इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात मूर्ती आली अशी त्याची स्थलकथा. नदी, कोळी आणि जाळ्यात सापडलेला देव, ही कथा कोकणातल्या कोणत्याही बंदरावर खपून गेली असती. मुख्य मंदिर १९४५ मध्ये जळाले व १९५८ मध्ये नव्याने बांधले गेले. पुढचे वज्रद्वार तर १९६० मध्ये मात्सुशिता या विजेच्या उपकरणांच्या कारखानदाराने आजारातून बरे झाल्याबद्दल फेडलेल्या नवसाचे. प्रवासी कंपन्या येथे दहा-अकराला उतारू आणतात आणि त्या वेळी दुकानांच्या गल्लीत माणसाला माणूस घासतो. मंदिर थंडीत साडेसहाला उघडते. सातला जावे, गल्लीची दुकाने बंद असावीत, आणि धूप घालणाऱ्या म्हाताऱ्या बायका तेवढ्या दिसाव्यात.

तेथून नदीच्या बाजूने उत्तरेस दहा-बारा मिनिटे चालत गेले की एक लहानशी टेकडी लागते. तिच्यावर मात्सुचियामा शोदेन नावाचे देऊळ आहे, आणि त्यातील देवता कांगितेन, म्हणजे साक्षात विनायक. संस्कृत तंत्रग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेला हा गणपती तेथे बहुधा परस्परांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींच्या रूपात असतो, त्याची मूर्ती कोणालाही दाखवीत नाहीत, आणि त्याला नैवेद्य असतो तो मुळ्याचा. देवळाच्या भिंतीवर, पायऱ्यांवर, दिव्यांवर मुळ्यांची जोडी कोरलेली आहे. भाविक मंडळी दारातच पांढराशुभ्र मुळा विकत घेऊन आत अर्पण करतात. मोदकाची आठवण काढून हसू येईल, पण पूजेतला गंभीरपणा पाहिल्यावर ते ओठांतच राहते. व्यापारी लोकांची या देवावर मोठी श्रद्धा, आणि नवस बोलून तो न फेडल्यास हा देव कोपतो असाही समज आहे. प्रचलित याद्यांत हे देऊळ क्वचितच सापडते. मराठी प्रवाशाने ते चुकविणे मात्र मला अक्षम्य वाटते. उएनोच्या तळ्यातील बेटावर बेन्तेन, म्हणजे सरस्वती, आहे; शहराच्या पूर्व सीमेवर शिबामाता येथे ताइशाकुतेन, म्हणजे इंद्र, आहे. वैदिक आणि पौराणिक देवतांची ही वसाहत तेथे इतकी शतके शांतपणे नांदते आहे की, आपल्याकडून गेलेले हे देव आहेत असे तेथे जाऊन सांगण्याचा उत्साह दाखविण्याचे कारण नाही.

आसाकुसाच्या पुलाशी नावा लागतात. त्यांपैकी काही हामारिक्यू बागेच्या धक्क्याला थांबतात. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावे. पाऊण तासाच्या या जलप्रवासात एकामागून एक पूल डोक्यावरून जातात, आणि सखल शहराची बांधणी रस्त्याभोवती नव्हे तर पाण्याभोवती झालेली होती हे पुस्तकावाचून कळते. हामारिक्यू ही शोगुनांची बदकांच्या शिकारीची बाग. तिच्या तळ्यात समुद्राचे पाणी आत घेतलेले असून भरती-ओहोटीबरोबर त्याची पातळी हलते. तळ्याच्या मध्यावर चहाघर आहे. तेथे वाटीभर हिरवा चहा घेऊन बसले असता मागे काचेच्या इमारतींची भिंत उभी दिसते, आणि तिच्याविषयी कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. तळे तिच्यामुळेच एवढेसे व एवढे धीट वाटते. जवळच त्सुकिजी आहे, तीही १६५७ च्या आगीनंतर भराव घालून केलेली भूमी. मासळीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसुला हलला, बाहेरची किरकोळ दुकाने तेथेच राहिली. ती दुपारी दोनच्या सुमारास आवरती घेतात.

किल्ल्याचा दिवस थोडक्यात सांगतो. ओतेमोन दरवाजातून पूर्व बागेत विनामूल्य जाता येते, आणि आत सर्वांत पाहण्यासारखी वस्तू म्हणजे जी नाही ती : मुख्य बुरुजाचा दगडी चौथरा. १६५७ मध्ये बुरूज जळाला, चौथरा पुन्हा रचला गेला, पण होशिना मासायुकी या शोगुनाच्या काकाने असा सल्ला दिला की, शहर राखेत असताना बुरुजावर खजिना खर्च करू नये; आणि तो बुरूज आजतागायत बांधला गेला नाही. कर्तबगार मुत्सद्द्याचे असे स्मारक मी अन्यत्र पाहिलेले नाही. दुपारी उएनोचे संग्रहालय आणि मग पायी यानाका. १९२३ आणि १९४५ या दोन्ही आगींतून बऱ्याच अंशी वाचलेला हा मोहल्ला. देवळे, अरुंद गल्ल्या, मांजरे, आणि शेवटच्या शोगुनाची समाधी असलेली दफनभूमी. येथे काही ‘पाहावयाचे’ नाही, म्हणून घाईच्या प्रवाशाने येऊ नये.

उंच भूमीच्या दिवशी सकाळी मेइजी मंदिर. ७० हेक्टरांचे तेथील अरण्य रानातले वाटते, परंतु १९२० मध्ये मंदिराची स्थापना झाली तेव्हा देशभरातून दान आलेली सुमारे एक लाख झाडे लावून ते माणसांनी निर्माण केले, आणि वनशास्त्रज्ञांनी जाती अशा निवडल्या की पुढे रोपण न करता रान आपणच स्वतःची निपज करीत राहावे. शिबुयाचा चौक संध्याकाळी पाच मिनिटे पाहावा. तो पाच मिनिटांचाच आहे. उंचावरून शहर पाहण्यासाठी मनोऱ्यांना पैसे देण्याचेही कारण नाही : शिंजुकूत केन्झो तांगे यांनी रचलेल्या महानगर सरकारच्या कचेरीत पंचेचाळिसाव्या मजल्यावरून ते फुकट दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर फुजीही.

शिंजुकूतच नाकामुराया आहे. १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचलेल्या रासबिहारी बोसांना या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, दडवून ठेवले. १९१८ मध्ये त्यांनी आपली कन्या तोशिको बोसांना दिली. आणि १९२७ मध्ये तेथे जी भारतीय पद्धतीची कोंबडीची करी मिळू लागली ती आजही मिळते. भुयारी रेल्वेने तेथून पश्चिमेस काही स्थानकांवर रेंकोजी हे लहान देऊळ आहे. नेताजींच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी तेथे १९४५ पासून आहेत. राजेंद्रप्रसाद, नेहरू आणि इंदिराबाई तेथे येऊन गेले. त्या अस्थींविषयीचा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही.

शाकाहाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याविषयी गोड बोलून कोणाची फसवणूक करू नये. मांस टाळणे सोपे. मासा टाळणे कठीण. सुकविलेल्या बोनितो माशाचा अर्क, दाशी, हा मिसो सूपपासून सोबा शेवयांच्या रश्श्यापर्यंत सर्वत्र असतो, आणि ‘मासे नकोत’ म्हटल्यावर वाढणाऱ्याच्या मनात तुकडे येतात, अर्क येत नाही. बौद्ध भिक्षूंचे शोजिन र्‍योरी हे भोजन मात्र पूर्ण निरामिष असते. महाग असते, आधी आरक्षण लागते, आणि एकदा तरी घ्यावे. एरवी कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातील आंबट उमेबोशी लोणचे घातलेला भाताचा गोळा हा भरवशाचा आधार. टिप कोणी घेत नाही, देऊही नये.

आणि अगदीच पोळी-भाजीची ओढ लागली, तर एदोगावा प्रभागातील निशिकसाई. २००० च्या सुमारास संगणक अभियंते म्हणून आलेल्या भारतीयांनी या सखल, भरावाच्या भूमीवर वस्ती केली, डाळ-पिठाची दुकाने आली, शाळा आल्या, आणि २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या प्रभागाच्या सभागृहात निवडून आले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधून (१९६३) ज्या पिढीने जपान प्रथम वाचला, तिच्या मनातील टोकियो १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वीचे, बुलेट ट्रेनच्याही आधीचे होते, तिची नातवंडे आता निशिकसाईहून सकाळी आठच्या गर्दीत उभी राहून कचेरीला जातात. पाहुणा म्हणून तेथे जाण्याचा मोह आवरावा असे मी म्हणत नाही. पहिल्या रात्री मात्र जाऊ नये.

निघण्याचा दिवस राहिला. विमान हानेदाहून असेल तर शहर सोडण्याची घाई नाही. नारिताहून असेल, तर साठ किलोमीटरांचा हिशेब धरावा. सामान घरपोच करणाऱ्या सेवा तेथे उत्तम आहेत, आणि मोठी बॅग हॉटेलातून एक-दोन दिवस आधी विमानतळावर पाठविली तर शेवटची सकाळ मोकळ्या हातांनी मिळते. ती जिम्बोचोला द्यावी. जुन्या पुस्तकांच्या शंभराहून अधिक दुकानांची ही पेठ. मुख्य रस्त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूस बहुतेक दुकाने उत्तरेला तोंड करून उभी आहेत, कारण पुस्तकांवर ऊन पडू नये. जपानी वाचता येत नसले तरी जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रे तेथे मिळतात. एदोचा नकाशा घ्यावयाचा असेल, तर तो शेवटच्या दिवशी घेण्यात अर्थ थोडा. म्हणून शक्य असल्यास ही सकाळ पहिल्या दिवशी, आल्या-आल्या, उरकावी. दुकाने साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत, आणि रविवारी पुष्कळशी बंद असतात.